मडकं धरलेला सुखदेव

डोणगावच्या ग्रामपंचायतीत दिल्लीच्या थोर पुढाऱ्याच्या अंत्ययात्रेचे फोटो लागले, अन् कडूबा पोराला घेऊन पाहायला गेला. गर्दी म्हणजे नुसतं मुंग्यांचं वारूळ! त्यात त्याला आपला सुखदेवच दिसला. डोकं भादरलेलं, हातात विस्तवाचं मडकं.

मडकं तर पोरगा बाप मेल्यावर धरतो!

“काबे, तू दिल्लीले कधी गेलता?”

“मी तं मेहकरच्या पुढं नाही गेलो, बाबा. चष्मा घ्या आता!” शेजारी उभा सुखदेव हसला.

पुढच्या फोटोत मडकेवाला गर्दीतून पुढं सरकला होता. शेवटच्या फोटोत ना तोफगाडा, ना फुलं. एकटा सुखदेव कडूबाकडे पाहून रडत होता.

कडूबानं घाबरून पोराचा हात घट्ट धरला.

सुखदेव इकडंतिकडं पाहू लागला.

“सरपंच, आमचा बुढा कुठं गेला हो? आत्ता तं इथंच होता.”