कमीत कमी शिक्षा

"किती मागू, तेवढं सांगा," सरकारी वकील पॅटनबाईंनी कोर्टाच्या व्हरांड्यातच विचारलं. "दारू पिऊन गाडी चालवली आणि माणूस गेला, तर आपल्या राज्यात दोनपासून वीस वर्षांपर्यंत कैद. कोर्बिनचा हा पहिलाच गुन्हा आहे; पण तुम्ही म्हणाल तर वीससुद्धा मागते. आईचं म्हणणं जजना सहसा मोडवत नाही."

"दोन," व्हर्ना म्हणाली.

पॅटनबाई बघतच राहिल्या. "तुमची ट्रिना गेलीय, व्हर्ना."

"मीच माती दिलीय तिला. ठाऊक आहे मला."

कोर्बिन तिचा जावई. मार्चमध्ये, गोठलेल्या रस्त्यावरून घसरून त्याचा पिकअप ट्रक धान्याच्या कोठाराजवळच्या चरात उलटला. आत तिघं होती. कोर्बिन, ट्रिना आणि ट्रिनाचा धाकटा भाऊ वेस. ट्रिना जागीच गेली. दोघे पुरुष बाहेर बर्फात फेकले गेले. कोर्बिन इतका प्यायलेला होता, की बारमधून निघाल्याचंही त्याला आठवत नव्हतं. काय झालं ते पोलिसांना वेसने सांगितलं. कोर्बिनने मान खाली घालून गुन्हा कबूल केला.

कोर्टात अर्धं गाव जमलं होतं. व्हर्ना बोलायला उठली तेव्हा तिच्या बहिणीने, लोइसने, तिचा हात घट्ट धरला. "सोडू नकोस त्याला. सडू दे."

व्हर्नाने हात सोडवून घेतला.

"तो वाईट माणूस नाही," ती जजना म्हणाली. "वादळात माझं छप्पर उडालं, तेव्हा पैसा न घेता यानेच नवं बसवलं. ट्रिनाचा जीव होता त्याच्यावर. कायद्यात कमीत कमी जेवढी असेल तेवढीच शिक्षा द्या. माझं दुसरं काही मागणं नाही."

मागच्या बाकावर पास्टरनी डोळे पुसले. लोइस मात्र तरातरा बाहेर निघून गेली.

जजनी चष्मा काढला. "इतकं मोठं मन मी या खुर्चीवरून क्वचितच पाहिलंय," ते म्हणाले, आणि दोन वर्षं दिली.

बेड्या घातलेला कोर्बिन तिच्यापाशी थांबला. "आई, तुम्ही मला शिव्या तरी द्या हो. मी मारलं तिला."

"असं बोलू नकोस, बाळा."

"रोज आठवायचा प्रयत्न करतो. काहीच आठवत नाही."

"नको आठवूस," व्हर्ना म्हणाली. तिने त्याच्या गालावर हात ठेवला, पण नजर त्याच्या कॉलरवरच राहिली. पोलीस त्याला घेऊन गेला.

वेस बाहेर गाडीत बसला होता. आत यायला त्याने नकारच दिला होता. व्हर्ना स्टिअरिंगमागे बसली.

"किती?"

"दोन."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, मी मारलं तिला."

वेसने खाडकन दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला. "बास झालं. मी जातो आत. जजना सांगून टाकतो."

"दार लाव."

"आई, तो बिचारा..."

व्हर्नाने वाकून त्याच्या पलीकडचं दार ओढून घेतलं.

"त्याला पहिला गुन्हा म्हणून दोन वर्षं लागलीत, वेस. गाडी तू चालवत होतास हे कळलं, तर तुझा हा तिसरा धरतील."