नीनाचा हात

रांगेत पुढे अजून चार-पाच माणसं होती. फेलिक्सनं तळहात पँटला पुसले.

"नीना हात देईल ना रे?" त्यानं हळूच विचारलं.

"न देऊन जाईल कुठे?" रूफो म्हणाला. हा त्याचा मावसभाऊ, निवडणुकीचं सगळं तोच बघायचा. "बाप्तिस्म्याची आई आहे तुझी. लहानाचा मोठा केलाय तिनं तुला. पण दादा, तिनं आज हात आखडला ना, तर गव्हर्नर व्हायचं विसर आणि घरी बसून कोंबड्या पाळ. सगळं गाव डोळ्यांत तेल घालून बघतंय."

ते खरंच होतं. ग्वाम बेटावर भाषणं कोण ऐकतो? मत ठरतं ते मयताच्या घरी. नऊ दिवस जपमाळ, नवव्या दिवशी गावजेवण. तिथं वडीलधाऱ्यांपुढे जायचं, त्यांचा हात धरून नाकाशी न्यायचा, 'न्योरा' म्हणायचं, आणि त्यांनी 'देव तुझं भलं करो' म्हणायचं. हात दिला म्हणजे तू आमचा. एकदा एकाला गावानं हात दिला नव्हता, तो पुढे कॅलिफोर्नियात जाऊन राहिला. फेलिक्सनं वीस वर्षांच्या राजकारणात एकही जपमाळ चुकवली नव्हती. या घरची मात्र त्यानं आठ दिवस टाळली. नवव्या दिवशी टाळता येईना.

गेले होते ते एमेटेरिओ, नीनाचे थोरले भाऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्करानं उत्तरेकडची जमीन कुंपण घालून घेतली, त्यात त्यांच्या बापाचं शेत गेलं. ते परत मिळावं म्हणून म्हाताऱ्यानं आयुष्य घालवलं. जाईल त्या सुनावणीला इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर हजर. आणि जमीन अगदी हाताशी आली होती. ती पुन्हा लष्कराला द्यायचा ठराव सभागृहात आला, तेव्हा सात इकडे, सात तिकडे झाले. पंधरावं मत फेलिक्सचं. त्यानं ते ठरावाच्या बाजूनं दिलं.

रस्ते होतील, दवाखाना होईल, असं तो सगळ्यांना सांगत होता. स्वतःलाही सांगत होता. पण त्या मताशिवाय पक्ष गव्हर्नरपदाची उमेदवारी देणार नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मतदान झाल्यावर एमेटेरिओनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि ते काठी टेकत निघून गेले. महिनाभरात माणूस संपला. फेलिक्सला त्या दिवसापासून धड झोप नव्हती.

पुढचा माणूस बाजूला झाला. समोर खुर्चीत नीना बसली होती, काळ्या कपड्यांत. तिचे हात मांडीवर होते. भिंतीलगतच्या बाकावर गावातली म्हातारी मंडळी ताटल्या घेऊन लाल भात खात होती.

"न्योरा," फेलिक्स म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

नीनानं हात आखडला नाही. खुर्चीचा दांडा धरून ती कशीबशी उठली. तिचे गुडघे कामातून गेले होते, ती पाद्रीबाबांसाठीसुद्धा उठत नसे. ती ताठ उभी राहिली, पाय जुळवले, हात मांड्यांशी सरळ सोडले आणि कमरेतून खाली वाकली. खूप खाली. तशीच राहिली.

"जिंकलास दादा," रूफो कानाशी कुजबुजला. "हाताचं काय घेऊन बसलास, तिनं तर वाकून मान दिला तुला."

फेलिक्सच्या छातीवरचा दगड क्षणभर खरंच उतरला. तेवढ्यात बाकावरच्या म्हाताऱ्यांनी ताटल्या खाली ठेवल्या आणि तेही उठले. रूफोनं फोटोसाठी घाईघाईनं फोन काढला. पण त्या सगळ्यांचे पाय जुळलेले होते, हात मांड्यांशी होते, आणि एकेक करून ते तसेच वाकले. जेवणारे वळून बघू लागले.

"नीना, हे काय करतेस? मी आहे, फेलिक्स. हात दे ना गं."

नीना हळूहळू सरळ झाली. तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"जपानी शिपाई आले तेव्हा मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. "रस्त्यात दिसले की असं वाकावं लागायचं, नाहीतर थोबाडीत बसायची. मला मार बसू नये म्हणून एमेटेरिओनंच शिकवलं होतं."

"पण मी तुझा..."

"हात घरच्याला देतात, साहेब. जमीन घेणाऱ्यापुढे आम्ही असंच वाकतो."