चौथी बाटली

"शिसं," दूध तपासायला आलेल्या इंजिनिअरबाईंनी कागदावर बोट ठेवलं. "तिन्ही गाईंच्या दुधात. चालतं त्याच्या चौपट."

गाईंच्या मालकिणीने, दोन्या एउफ्रोसिनाने, कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती चुलीवरची अटोलेची पेज ढवळत होती. "माझ्या गाई शिसं खात नाहीत, बाई. लसूणघास खातात. तोही नदीच्या पाण्यावरचा. वर्षाला आठ कापण्या! विहिरीच्या पाण्यावाल्यांना विचारा, पाच झाल्या तरी चर्चमध्ये मेणबत्ती लावून येतात."

"त्या पाण्यातूनच येतंय ते. वर जीन्स रंगवायचे कारखाने आहेत."

हे काही कुणाला नवीन नव्हतं. नदी सोमवारी निळी असायची, गुरुवारी तांबडी. शहरात यंदा कुठल्या रंगाच्या जीन्स चालणार ते या गावच्या गाईंना आधी कळायचं. तरी तेच पाणी आणणाऱ्या कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून दरवर्षी एखादं डोकं फुटायचंच. दोन्याने आपली पाळी कधी सोडली नव्हती.

"मी तीनदा ऊत येईपर्यंत उकळते."

"उकळून पाणी जातं. शिसं पातेल्यातच राहतं."

"मग चीज करीन."

"चीजमध्ये तर जास्तच साठतं, दोन्या."

"मग तुम्ही शिकलात तरी काय एवढी वर्षं?"

इंजिनिअरबाई सव्वीस वर्षांच्या होत्या. त्यांनी बर्फाची पेटी जवळ ओढली. पेटीत फेरतपासणीसाठी घेतलेल्या सकाळच्या धारेच्या तीन बाटल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. नाव: पालोमा. वय, वेत, चारा. मग कानेला, मग रेइना. त्यांनी फॉर्मचं शेवटचं पान उलटलं.

"घरात हे दूध कोण पितं?"

"आम्ही कुठलं पितो! आम्हाला कोरी कॉफी. दूध सगळं गावात जातं." दोन्याचा आवाज एकदम उजळला. "सून पिते तेवढी. बाळंतीण आहे ना. चाळीस दिवस उंबरठा ओलांडायचा नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, आणि दिवसाला तीन पेले अटोले. मक्याचं पीठ, दालचिनी आणि निव्वळ दूध. पाण्यात कालवून देणाऱ्या सासवाही आहेत या गल्लीत, मी नावं घेत नाही. आज चौतिसावा दिवस. एक पेला चुकवला नाही मी."

तेहेतीस त्रिक नव्व्याण्णव. शंभरावा पेला टेबलावर होता. त्याच्यावर साय धरली होती.

इंजिनिअरबाईंचं पेन कागदावरून उठलं.

सून, नायेली, आतल्या खोलीच्या दारात उभी होती. डोक्याला फडकं बांधलेलं. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"मग माझ्या दुधात?" तिने विचारलं.

"ते... आमचा अभ्यास फक्त गाईंचा आहे. बाळंतिणींसाठी रकाना नाही."

"जास्तीची बाटली आहे का?"

"बाटली आहे, पण—"

नायेलीने पेटीतून बाटली स्वतःच उचलली आणि आत गेली. परत आली तेव्हा बाटली अर्धी भरली होती. तिने टेबलावरचं पेन घेतलं आणि चिठ्ठीवर शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहायला लागली. नाव: नायेली. वय: एकोणीस. वेत: पहिलं.

मग ती थांबली. मान वर न करता म्हणाली, "चारा काय लिहू, आई?"

दोन्याने टेबलावरचा पेला उचलला आणि तो ओतून द्यायला मागच्या दाराने बाहेर गेली. बाहेर तोच नदीच्या पाण्याचा कालवा होता. कालव्यापलीकडे लसूणघास हिरवागार डुलत होता. ती पेला तसाच भरलेला घेऊन परत आली आणि होता तिथेच ठेवला.

इंजिनिअरबाईंनी चौथी बाटली पेटीत ठेवली. बाकीच्या तिघींच्या शेजारी. "मी प्रयत्न करते. निकालाला तीन आठवडे लागतील."

"तोवर पाजू की नको?"

"पाज. बहुधा पाजलेलंच बरं."

"बहुधा?"

"नाहीतर मग डब्याचं..."

"ते कशात कालवू? विहीर कालव्याच्या काठावरच आहे आमची."

इंजिनिअरबाईंनी पेटीचं झाकण लावलं. ते नीट बसलं होतं, तरी त्यांनी उघडून पुन्हा लावलं.

तेवढ्यात आत बाळ जागं झालं. आधी कुरकुरलं, मग भुकेचं रडायला लागलं. दोन्याने सवयीने तोंड उघडलं, "अगं, घे की त्याला पाजा—" आणि वाक्य अर्ध्यावरच गिळलं.

नायेली जागची हलली नाही. तिच्या ब्लाउजवर दोन ओले ठिपके उमटले आणि हळूहळू पसरत गेले.