मिस्टरांचा नमुना

“मिस्टर कुठायत?” सिस्टरनं विचारलं.

“खाली. गाडीत,” संस्कृती म्हणाली.

“गाडीत बसून तपासणी होती व्हय? वर बोलवा त्यांना. त्यांच्या नमुन्याशिवाय डॉक्टर पुढं काहीच करणार नाहीत. आन् सासूबाई, तुम्ही जरा सरका, स्टूल ठेवायचंय.”

चतुराबाई गुमान सरकली.

लासूर स्टेशनहून गारखेड्याच्या या दवाखान्यात संस्कृतीची ही सहावी खेप. पोटावर सुयांचे निळे डाग, दुर्बिणीची तपासणी, सोनोग्राफ्या तर मोजायच्याच सोडून दिलेल्या. आणि आज कळलं, तिचं सगळं नॉर्मल! खरं तर उड्या मारायची बातमी. पण ती फोन नुसताच हातात धरून बसली.

चतुराबाईला इथलं सगळं पाठ होतं. कोणत्या सिस्टरचा हात हलका, गार पाणी कोणत्या मजल्यावर. तिनं पिशवीतून दोन खारका काढल्या.

“खा. तोंड बघ किती उतरलंय. खा आन् मग लाव फोन.”

संस्कृतीनं फोन लावला. घाईत स्पीकर सुरू झाला.

“अहो, तुमची पण तपासणी सांगितलीय...”

“माझी?” सोमनाथ मोठ्यानं हसला. “मूल तुला व्हायचंय का मला? तुझंच बघा म्हणावं परत. नायतर डॉक्टर बदलू.”

फोन बंद झाला. समोरच्या बायका एकदम भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाचा फोटो बघायला लागल्या.

“म्हंजी परत पहिल्यापासून सुया,” संस्कृती पुटपुटली. “आक्का, माझ्याच्यानं नाय व्हायचं आता. तुमीच बोला ना.”

“मी?”

“तुमी मोठ्या. सरळ म्हणा, एकदा तपासून घ्या, जीव जात नाय त्यानं.”

चतुराबाईनं पिशवीचं तोंड बांधलं.

“म्हणलं होतं की त्यांना. हितंच बसून. लई हिंमत करून.”

“आँ! मला कधी बोलल्या नाय ते! मग? चिडले?”

“नाय. एका शब्दानं नाय.”

“मग काय केलं?”

“त्याच उन्हाळ्यात तुला हळद लावली, आन् माझ्या उरावर सवत आणली.”