बाजूची चाकं

"स्क्रूपाना देऊ का, काका?" स्कूटर विकत घ्यायला आलेल्या माणसानं विचारलं.

"नको. तो घसरतो, नटाचे कोपरे झिजवतो. मग नट जन्मात सुटत नाही," भिकाजी म्हणाले. एसटी डेपोत तीस वर्षं फिटर होते ते. त्यांनी नेमका बसणारा रिंगपाना निवडला, दांड्याला पाइप जोडला आणि जोर लावला. नट हलेना.

हलणार तरी कसा? पोलिओनं पाय अधू झालेल्या लेकीला शाळेत शिकवायला जाता यावं, म्हणून स्कूटरची ही बाजूची चाकं त्यांनीच जीव खाऊन आवळली होती. आठ वर्षांत शारदा एकदाही पडली नाही. गेल्या महिन्यात डेंग्यूनं चार दिवसांत गेली.

नटावर तेल सोडून ते थोडे थांबले, मग पाइपवर सगळं वजन टाकलं. कट्ट आवाज झाला. बाकीचे नट निमूट सुटले. उजवं चाक निघालं, तशी स्कूटर त्याच बाजूला कलंडली.

"सांभाळ गं, बाय!" ओरडत भिकाजींनी हँडल धरलं.

त्या माणसानं मागून सीट धरली. "सोडा, काका. मी धरलीय."

भिकाजींना हात सोडवेना.