बांडी रोज सुटायची

"मी नाही धावणार," आयझादा म्हणाली, तेव्हा गावातल्या सुना डोक्याचे रुमाल कसून रेषेवर उभ्याही राहिल्या होत्या.

मैदानाच्या वरच्या टोकाला, नमद्याच्या पांढऱ्या लोकरी बैठकीवर, तिचं बाळ उभं होतं. बायेल नुकताच उभा राहायला शिकला होता. त्याच्या घोट्यांभोवती आजीने काळ्या-पांढऱ्या लोकरीचा धागा गुंडाळून डाव्या हाताने गाठ मारली होती. जी शर्यत जिंकेल तिने तो धागा सुरीने कापायचा आणि पोराला पहिली पावलं टाकायला लावायची. धागा कापणाऱ्याची चाल आणि स्वभाव पोरात उतरतो, असं या डोंगरांत सगळेच मानतात. आयझादाही मानत होती. तिला भीती होती ती त्याचीच.

बायेल जन्मला आणि तिच्या आत काहीतरी विझलं. नवरा तालाय रशियात, बांधकामावर. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. बाळ रडलं की तीही रडे, पण उठत नसे. गाव म्हणालं, नजर लागली. शेजारीण शायिर म्हणाली, नखरे आहेत. सासू कुलिपाआपा मात्र उठली. तिने सुनेला गाडीत घातलं आणि तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, हा आजार आहे, बरा होतो. त्यांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, रोज चालायचं, दम लागेपर्यंत चालायचं. गोळ्या आयझादा घेई. चालायचं नाव काढलं की म्हणे, "आपा, मला उठवत नाही. आणि उठून जाऊ तरी कुठे?"

त्याच सुमाराला बांडीला खोड लागली.

बांडी म्हणजे घरची एकुलती एक गाय. बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बर्फ वितळलं आणि ती रोज पहाटे, धारा काढायच्या आधीच, सुटून डोंगरावर जायला लागली. आपा उंबऱ्यात बसायची, गुडघे चोळायची आणि तिला शिव्यांची लाखोली वाहायची. "सटवी मेली! आता पोराला दूध कुठलं घालू? जा गं बाई, तूच जा. माझ्या गुडघ्यांत त्राण नाही राहिलं."

पोर तर भुकेलं. मग आयझादा रडतरडत उठे, दाराशी पडलेले रबरी बूट पायात अडकवी आणि चढायला लागे. बूट नेहमी ओलेच असत. बांडी कधी ओढ्यापलीकडे सापडे, कधी पार खिंडीच्या तोंडाशी. दोर दर वेळी काटेरी झुडपात असा गुंतलेला की सोडवताना नखं दुखायची. सुरुवातीला ती गायीला शिव्या देत खाली उतरायची. मग नुसतीच उतरायला लागली. एकदा वर बसून तिने सूर्य उगवताना पाहिला आणि खाली येऊन आपणहून रोटी मागितली. आपाने तोंड फिरवलं आणि ती पेटलेल्या चुलीत उगाच फुंकर मारत बसली. वाईट दिवस संपले नव्हते. पण अधूनमधून एखादा बरा दिवस येऊ लागला होता.

आणि आता ही शर्यत.

"पोराची आई कुठे धावते गं?" शायिर करवादली. "असं कधी ऐकलंय का कुणी?"

"नातू माझा, शर्यत माझी," आपा म्हणाली. तिने सुनेला रेषेवर ढकललं. "धाव! नाहीतर शायिरची सून जिंकेल आणि माझा नातू जन्मभर बडबडत बसेल."

सगळ्या हसल्या. शायिरसुद्धा हसली. तेवढ्यात कुणीतरी हाळी दिली आणि सुना सुटल्या.

मैदान चढाचं होतं. अर्ध्यावरच सुनांना धाप लागली. एक हसतहसत खाली बसली, दुसरीने कंबर धरली. आयझादाने जिंकायचं मनातही आणलं नव्हतं. पण चढ दिसला आणि तिचे पाय आपोआप पुढे पडत गेले. नमद्याशी पोचून तिने मागे वळून पाहिलं, तर मागे बरंच अंतर मोकळं होतं.

कुणीतरी सुरी हातात दिली. तिने ती आपापुढे धरली.

"नको आपा. माझ्यासारखा होईल तो."

"होऊ दे की," आपा म्हणाली. "रडत का होईना, रोज डोंगर चढून घरी परत येणारा होईल."

आयझादा गुडघ्यांवर बसली. बायेलने तिचे केस मुठीत पकडले. तिने सुरी धाग्याला लावली आणि ती तशीच थांबली.

गाठ उलटी होती. डाव्या हाताची, दोन वेढ्यांची, टोक आत खोचलेलं. ही गाठ तिच्या बोटांच्या ओळखीची होती. रोज पहाटे, वर झुडपात, दवाने भिजलेल्या दोरात ती हीच गाठ सोडवत आली होती. आणि गायीला काही गाठ मारता येत नाही. दाराशी पडलेले ते ओले बूट तिला आठवले.

तिने मान वर केली. कुलिपाआपा घाईघाईने दुसरीकडेच बघायला लागली.

"माझ्याकडे काय बघतेस? काप!" तिने दटावलं, पण तिचे डोळे भरून आले होते. मग गुडघ्यावर हात टेकून ती कशीबशी वाकली आणि सुनेच्या कानाशी पुटपुटली, "आणि उद्यापासून त्या बांडीला वर तूच नेऊन बांध, तूच सोडून आण. माझ्याच्याने तो चढ आता होत नाही गं, पोरी."