तळ्यासाठी बॅटरी

"ह्यातली कुठली घेतली म्हंजे तळ दिसंल?" लालासाहेबांनी चौथ्यांदा विचारलं.

काउंटरवर पाण्याखाली चालणाऱ्या पाच बॅटऱ्या मांडल्या होत्या. सांगलीतल्या त्या पोहण्याच्या सामानाच्या दुकानात सकाळपासून एवढंच गिऱ्हाईक आलं होतं, त्यामुळे दुकानदार आदगोंडा चौथ्यांदाही उत्तर द्यायला तयार होते.

"पाणी कसं हाय?"

"चहागत," शिवतेज म्हणाला. "दूध घातलेल्या."

शिवतेज हा लालासाहेबांचा मुलगा. फौजेत होता. महिन्याच्या सुट्टीतले सोळा दिवस त्यानं तोंडात नळी आणि डोळ्यांवर चष्मा लावून गावच्या तळ्यात उपडं पडून काढले होते. आता तो जमिनीवरही खाली बघतच चालायचा.

यात्रेआधी देवीचा चांदीचा मुखवटा तळ्यात धुवायचा आणि तो मानाच्या घरातल्या लेकीनं धरायचा, अशी गावची रीत. यंदा मान लालासाहेबांचा होता. मुखवटा त्यांच्या क्रांतीच्या हातातून निसटला. ज्यांच्या हातून गेला त्यांनीच शोधायचा, परक्याचा हात लागायचा नाही, हीही रीतच. आणि देवी जागेवर नाही तोवर गावात कुणाला हळद लागत नाही.

पहिली हळद क्रांतीचीच होती. मुलगा विट्याचा, कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान. त्याचे वडील रोज फोन करून देवीची चौकशी करायचे, दवाखान्यात ठेवलेल्या माणसाची करतात तशी.

आदगोंडांनी सगळ्यात मोठी बॅटरी बाजूला सारली.

"ही घिऊ नका. पसरट पांढरा उजेड. गढूळ पाण्यात मातीच चमकती, म्होरं नुसती भिंत. धुक्यात गाडीचा मोठा लाईट लावल्यागत. ही बारकी घ्या. झोत सुईगत जातो. चष्म्याजवळ धरायची न्हाई, हात लांब करून बाजूनं मारायची. चांदी असली तर काठावरनंबी चमकंल."

"काठावरनं?" क्रांतीनं विचारलं. इतका वेळ ती बॅटऱ्यांवरचं सगळं बारीक अक्षर वाचत होती.

"तुमच्या वडलांना खुर्चीत बसून दिसंल."

क्रांतीनं मोठी बॅटरी उचलली. "आण्णा, हीच घ्या. देवीच्या कामाला बारकी बॅटरी? गाव काय म्हणंल?"

उजेडाबद्दल आदगोंडांना सगळं ठाऊक होतं. गावाचं नाव निघाल्यावर त्यांनी मोठीचं खोकं काढलं.

लालासाहेबांचे डोळे भरून आले. पोरगी लग्नासाठी एवढी उतावीळ असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. तशी रोज पहाटे ती तळ्याभोवती दहा फेऱ्या पळायची. लग्नाआधी बारीक होतीय, असं ते पाहुण्यांना सांगत.

"तुला कुठली वाटती रं?" त्यांनी शिवतेजला विचारलं.

"कुठलीबी घ्या आण्णा. फकस्त घाई करा, कुठंतरी बसायला मिळंल."

मोठी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवतेज पायऱ्यांपासून पंधरा हातांवर, रोजच्याच जागी उपडा झाला आणि त्यानं बॅटरी लावली. चहाचं ताक झालं. त्या ताकात शिवतेजही दिसेना.

"लय उजेड हाय रं!" लालासाहेब खुर्चीतून ओरडले.

शिवतेजनं नळी काढली. "व्हय. लयच हाय."

तासाभरानं तो हात हलवत वर आला. लालासाहेबांनी सतरा दिवसांचा उसासा सोडला आणि म्हणाले, "उद्या." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. विट्याचे पाहुणे. काय सांगायचं ते ठरवत ते चिंचेखाली गेले.

शिवतेज पायरीवर बसला. ओठ निळे, बोटांना सुरकुत्या. क्रांती दहावी फेरी अर्धी सोडून धापा टाकत आली. तिनं त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि खाली वाकली.

"दादा, मुखवट्यावरचा दगड हालला न्हाई न्हवं? पोलीस भरतीला अजून आठ दिस हाईत."